रांजणात मुरलेली बोबाल : रेकेना परिसरातील एका गावरान स्पॅनिश रेड वाइनचा आस्वाद

वेलांटी (वालेंसिया)

गेल्या शनिवारी स्पेनमधील रेकेनाजवळच्या एका खेड्यातून मी एकाच शेतकऱ्याच्या, एकाच हंगामातील आणि एकाच जातीच्या, म्हणजे बोबाल द्राक्षांच्या दोन वाइन घरी आणल्या. पहिली पोलादी टाकीत ठेवलेली होती. दुसरी मातीच्या मोठ्या रांजणात, ज्याला स्पॅनिश भाषेत ‘तिनाहा’ म्हणतात, आठ महिने मुरलेली होती. दोन्हींच्या बाटल्यांवर लेबल नाही, कारण ते गृहस्थ आपला माल दारावरच विकतात आणि गावातली माणसे आपापले कॅन घेऊन येतात. अशी जोडी एकत्र चाखण्याची संधी मला पहिल्यांदाच मिळाली आणि त्यातून मनात बरेच दिवस घोळत असलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटते, म्हणून हा धागा.

प्रश्न असा, की मातीच्या भांड्यात मुरलेल्या वाइनला खरोखर मातीची चव येते का? दुकानांतून, जाहिरातींतून आणि अनेक परीक्षणांतूनही असेच सांगितले जाते. मी स्वतःही काही वर्षे तसेच मानत होते.

आधी द्राक्षाविषयी थोडे सांगते. रेकेना आणि उतिएल ही गावे वालेंसियापासून पश्चिमेला साधारण सत्तर किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सहाशे ते नऊशे मीटर उंचीच्या पठारावर आहेत. उन्हाळा कडक, हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि पाऊस बेताचा. येथील मुख्य लाल द्राक्ष म्हणजे बोबाल. घडाचा आकार बैलाच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधील बैलवाचक शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात. घड मोठा व गच्च, साल जाड, रंग दाट आणि आंबटपणा भरपूर. या गुणांमुळेच बोबालवर बराच काळ अन्याय झाला. दुसऱ्या प्रदेशांतल्या फिक्या वाइनला रंग आणि ताकद यावी म्हणून ती वालेंसिया बंदरातून घाऊक भावाने बाहेर जात असे. येथे ‘दोब्ले पास्ता’ नावाची पद्धत होती. तीत एका टाकीतला बराचसा रस गुलाबी वाइनसाठी काढून घेत आणि उरलेल्या सालींवर नव्या द्राक्षांचा लगदा घालत, म्हणजे दुप्पट सालींमध्ये रस आंबत असे. त्यातून जवळजवळ काळी, जिभेला चिकटणारी वाइन तयार होई. ती पिण्यासाठी नसे, मिसळण्यासाठी असे. आपल्या नावाने बाटलीत जाण्याचा मान या द्राक्षाला बऱ्याच उशिरा मिळाला.

आता चाखण्याकडे वळते. दोन्ही बाटल्या मी सोळा अंशांपर्यंत थंड केल्या होत्या.

पोलादी टाकीतली वाइन पेल्यात ओतताच तिचा जांभळा रंग काठापर्यंत गडद राहिला. सुरुवातीचा वास बंदिस्त होता, नुकत्याच विझवलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा थोडासा गंधकाचा. पेला फिरवल्यावर दहा मिनिटांनी तो गेला आणि काळ्या चेरीचा, आलुबुखाराचा स्वच्छ वास वर आला. पहिला घोट रसाळ लागला, पण लगेच तुरटपणाने हिरड्या आवळून धरल्या. कच्ची सुपारी चघळल्यावर गालांच्या आतून जसे ओढल्यासारखे वाटते, तसेच काहीसे. आंबटपणा वेगळा, तुरटपणा वेगळा आणि फळ वेगळे, असे तिन्ही पदार्थ एका ताटात असूनही एकमेकांत न मिसळलेले.

रांजणातल्या वाइनचा रंग मधोमध तेवढाच दाट होता, परंतु काठावर विटेची किंचित छटा दिसत होती. वास सुरुवातीपासूनच मोकळा होता. पिकलेल्या करवंदांचा, वाळलेल्या रोझमेरीचा आणि त्यामागे ज्येष्ठमधाचा. तोंडात तुरटपणा तितकाच होता, तो कमी झालेला नव्हता, पण त्याचे कण बारीक झाले होते. जाडसर दळलेले पीठ आणि तेच पीठ पुन्हा जात्यातून काढलेले, इतका फरक. आंबटपणा फळाच्या आत जाऊन बसला होता आणि घोट गिळल्यावर बराच वेळ जिभेच्या दोन्ही कडांवर रेंगाळत होता. ही वाइन गुळगुळीत नाही. तिला खरखरीत अंग आहे, ती जेवण मागते, नुसती पिऊ घातली तर दुसऱ्या पेल्यानंतर थकवते. ‘गावरान’ हा शब्द मी याच अर्थाने वापरते आहे आणि तो पूर्ण आदराने वापरते आहे.

मातीचा वास मात्र मी शोधूनही मला सापडला नाही. व्हॅनिलाचा किंवा भाजलेल्या लाकडाचाही सापडला नाही, आणि मला वाटते मुख्य गोष्ट तीच आहे. ओकचे पिंप वाइनला हळूहळू हवा देते आणि त्याबरोबर स्वतःचा वास आणि स्वतःचा तुरटपणाही देते. पोलादी टाकी यांतले काहीच देत नाही. रांजण हवा देतो आणि आपले काही मिसळत नाही. पहिल्या वाइनमध्ये बंद पडलेले फळ दुसऱ्या वाइनमध्ये मोकळे झाले ते त्या हवेमुळे, आणि जो खरखरीतपणा उरला तो बोबालच्या सालीचा आहे. भांड्याला त्याचे श्रेय किंवा दोष देणे योग्य होणार नाही.

रेकेनाच्या जुन्या वस्तीखाली खडकात कोरलेली मध्ययुगीन तळघरे आहेत आणि त्यांत आजही जुने रांजण ओळीने उभे आहेत. वर ऑगस्टचे ऊन रणरणत असताना खाली उतरले की अंगावर शहारा येतो. एवढ्या थंड, स्थिर अंधारात वाइनने काय करायचे, तर फक्त वाट पाहायची. ज्यांना या भागात येणे शक्य आहे त्यांनी ती तळघरे अवश्य पाहावीत.

या पद्धतीची वाइन कोणी चाखली असल्यास किंवा मातीच्या भांड्यांविषयी कोणाला अनुभवाची माहिती असल्यास वाचायला आवडेल.

कोरडवाहू (दिंडोरी)

वेलांटीताई, लेख सावकाश दोनदा वाचला. आम्ही वाइनची द्राक्षे करतो आणि आमच्या भागात तेंप्रानियो हे स्पेनचे लाल द्राक्षही लावलेले आहे, त्यामुळे स्पेनचा विषय निघाला की माझे लक्ष आधी वेलीकडे जाते. तुमच्या शेतकऱ्याच्या वेली किती जुन्या आहेत, मांडव आहे की तारा आहेत आणि पाणी किती देतात, हे कृपया लिहावे.

विचारण्याचे कारण असे, की तुम्ही ज्या तुरटपणाविषयी लिहिले आहे तो भांड्यात जाण्यापूर्वी बराचसा शेतातच ठरलेला असतो. आमच्याकडे वेलीला थंडीची खरी विश्रांती मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या आम्ही घेतो आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते. दिवस गरम होत जातात तशी साखर झपाट्याने वर चढते, पण साल आणि बी त्या वेगाने पिकत नाहीत. साखर झाली म्हणून तोडावे तर तुरटपणा हिरवा राहतो, आणि थांबावे तर आंबटपणा उतरून वाइन सपक होते. अशा हिरव्या तुरटपणाला रांजणाने काही मदत होईल का, की रांजणात फक्त आधीच पिकलेला तुरटपणा मवाळ होतो, याचे उत्तर मला हवे आहे. आमच्याकडे पोलाद आणि ओक एवढेच पर्याय वापरात आहेत आणि ओकची पिंपे परदेशातून आणावी लागत असल्याने महाग पडतात.

वेलांटी (वालेंसिया)

कोरडवाहू दादा, तुमच्या नावाचेच उत्तर आहे. त्या वेली कोरडवाहू आहेत, ठिबक नाही. मांडव नाही, ताराही नाहीत. येथे जुन्या वेली झुडपासारख्या बुटक्या वाढवतात. गुडघ्याएवढ्या खोडावरून तीन-चार फांद्या बाहेरच्या बाजूला फाकवतात, त्यामुळे आकार पेल्यासारखा होतो आणि या पद्धतीचे नावही ‘पेल्याच्या आकारात’ असेच आहे. त्या शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार वेली त्यांच्या आजोबांनी लावलेल्या आहेत, म्हणजे सत्तर वर्षांपुढच्या असाव्यात. दोन वेलींमध्ये आणि दोन ओळींमध्ये अडीच-अडीच मीटरचे अंतर आहे, म्हणजे हेक्टरी सोळाशे वेली बसतात. पाणी कमी असल्यामुळे प्रत्येक वेलीला तेवढी जमीन राखून दिलेली असते. स्पेनमध्ये द्राक्षबागांना पाणी देण्यावर १९९६ पर्यंत कायद्याने बंदीच होती, हे कदाचित तुम्हाला ठाऊक असेल.

तुमच्या मुख्य प्रश्नाविषयी माझे मत असे आहे, की हिरवा तुरटपणा रांजणाने बरा होत नाही. हवेमुळे तुरट घटक एकमेकांशी आणि रंगाच्या घटकांशी जोडले जातात आणि जिभेवर कमी बोचतात, परंतु हिरव्या देठाची आणि कच्च्या बीची कडवट चव तशीच राहते. बोबालच्या गच्च घडात सगळे मणी एका वेळी पिकत नाहीत, त्यामुळे ही अडचण येथेही आहेच. ते गृहस्थ तोडणीच्या वेळी घडाचा कच्चा भाग कात्रीने कापून टाकतात आणि देठ अजिबात घालत नाहीत. रांजणात जाणारे द्राक्ष निवडून घ्यावे लागते, असे ते मला दोनदा म्हणाले.

कुंभारवेस (पुणे)

आमच्या घरात तीन पिढ्या मातीकाम आहे आणि मी स्वतः आता भट्टीतली, जास्त आचेवर भाजलेली भांडी करतो. वाइन मी क्वचितच घेतो, म्हणून चवीविषयी काही लिहीत नाही. भांड्याविषयी मात्र सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ‘रांजण’ हा शब्द वाचून आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर पाण्याचा रांजण येणार आणि त्यातून गैरसमज होईल.

आपला माठ किंवा रांजण पाझरावा यासाठीच केलेला असतो. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात. ती आव्यात जळून जाते आणि भिंतीत बारीक छिद्रे राहतात. आवा उघडा असल्याने आचही मध्यम असते. पाणी छिद्रांतून बाहेर येते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. पाणी गार होते ते पाझरण्यामुळे. असल्या भांड्यात वाइन ठेवली तर पाझरून निम्मी संपेल आणि उरलेली हवा लागून आंबून जाईल.

वाइनच्या रांजणाला याच्या उलट गुण लागतात. माती बारीक आणि एकजीव हवी, भिंत जाड हवी आणि भाजणी इतकी कडक हवी, की छिद्रे पुष्कळशी मिटतील पण काच झाल्यासारखी पूर्ण बंद होणार नाहीत. आच जितकी वाढवावी तितकी हवा कमी शिरते. म्हणजे वाइनला किती हवा मिळणार, हे भट्टी लावणाऱ्याच्या हातात असते. काही वर्षांपूर्वी मी विय्यारोब्लेदो या गावी गेलो होतो. स्पेनच्या कास्तिय्या-ला मांचा प्रांतातले हे गाव शतकानुशतके मोठ्या रांजणांसाठी प्रसिद्ध होते आणि तेथे जुन्या कारखान्याच्या जागी या कलेचे संग्रहालय केलेले आहे. माणसाच्या उंचीहून मोठे ते रांजण चाकावर होणे शक्यच नाही. मातीच्या जाड वळ्या एकीवर एक बसवत, रांजणाभोवती फिरत फिरत भिंत वर चढवायची, तेवढा भाग थोडा सुकू द्यायचा, तोपर्यंत शेजारच्या रांजणावर काम करायचे आणि मग पुन्हा पहिल्याकडे यायचे. घाई केली तर ओल्या मातीच्या वजनाने खालचा भाग बसतो, फार थांबले तर नवी वळी जुनीला धरत नाही. एक मोठा रांजण पुरा व्हायला महिने लागत. आपल्याकडे थापीने बाहेरून ठोकत आणि आतून दगडी गोटा धरत भांडे वाढवतात, ती पद्धत येथे नाही. तरीही सांध्यावर अंगठा दाबण्याची हातांची सवय मला लगेच ओळखू आली आणि मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

वेलांटीताई, आतून अस्तर होते का, हे पाहिले का? मेण किंवा राळ लावलेली असेल तर तुमचा ‘रांजण हवा देतो’ हा निष्कर्ष थोडा बदलावा लागेल.

उंबरठा (मुंबई)

चर्चा वाचतो आहे. मला दोन शंका आहेत आणि त्या नम्रपणे मांडतो. पहिली अशी, की वेलांटी यांना कोणत्या पेल्यात कोणती वाइन आहे हे ठाऊक होते, त्यामुळे रांजणाच्या बाजूने मन आधीच झुकलेले असणे शक्य आहे. दुसरी शंका माझ्या अनुभवातून आली आहे. माद्रिदमध्ये एका उपाहारगृहात मला मातीच्या भांड्यातली म्हणून जी रेड वाइन दिली गेली, तिला व्हिनेगरचा झणका होता आणि त्यामागे तबेल्यातल्या खोगीराचा वास होता. मी तक्रार केल्यावर ‘ही गावरान पद्धतीची वाइन आहे, ती अशीच असते’ असे उत्तर मिळाले. दोष आणि शैली यांच्यातली सीमारेषा कोठे आहे, हे कोणीतरी स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर जुन्या पद्धतीच्या नावाखाली काहीही खपेल.

वेलांटी (वालेंसिया)

उंबरठा, दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिल्या शंकेमुळे मी काल रात्री प्रयोग पुन्हा केला. घरच्या माणसाने स्वयंपाकघरात पेले भरले आणि मी कोणता कोणता हे न कळता सहा वेळा ओळखायचा प्रयत्न केला. पाच वेळा बरोबर आले. एकदा चुकले ते शेवटी, जेव्हा पोलादाची वाइन पेल्यात अर्धा तास राहून बरीच मोकळी झाली होती. ही चूक मला महत्त्वाची वाटते, कारण हवा हाच फरक आहे या म्हणण्याला तिने दुजोराच मिळतो.

दुसऱ्या शंकेविषयी मी ठाम आहे. तुम्हाला जी मिळाली ती सदोष वाइन होती. व्हिनेगरचा झणका ॲसिटिक ॲसिडच्या जिवाणूंमुळे येतो आणि खोगीराचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे. दोन्हींना मातीच्या सच्छिद्र भिंतीत लपायला जागा मिळते. पोलाद धुऊन निर्जंतुक करता येते, मातीचा रांजण दरवर्षी रिकामा झाल्याबरोबर वाफेने आणि गरम पाण्याने घासावा लागतो आणि रिकामा असताना कोरडा ठेवावा लागतो. त्यातही वाइनची पातळी कधी खाली जाऊ द्यायची नाही, वर हवेची पोकळी राहिली की संपले. इतकेच काय, ओल्या मातीचा किंवा बीटरूटचा जो वास जिओस्मिन नावाच्या रसायनामुळे येतो, तो वाइनमध्ये दोष समजला जातो आणि तो बहुतेकदा बुरशी लागलेल्या द्राक्षांतून येतो. म्हणून एखाद्या रांजणातल्या वाइनला खरोखर मातीचा दरवळ असेल तर मी तिचे कौतुक करण्याआधी थांबेन. तिसऱ्या-चौथ्या घोटाला फळ वर येते की दोषच वाढत जातो, ही माझी स्वतःची कसोटी आहे. गावरान वाइन खरखरीत असावी, अस्वच्छ नसावी.

कुंभारवेस काका, अस्तराविषयी आज फोन करून विचारले. त्यांचा रांजण जुना आहे आणि पूर्वी त्याला पाइनच्या झाडाची राळ लावत असत. आता ते आतून पातळ मेण चोळतात आणि तेही दर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे माझ्या रांजणाची हवा मेणाच्या थरातून गाळून आलेली आहे. तुमची दुरुस्ती मान्य आहे आणि बिनअस्तराच्या रांजणातली वाइन याहून लवकर मुरेल, असे मला आता वाटते.

खापर (नाशिक)

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे. एक शब्द दुरुस्त करावासा वाटतो, कारण तो दुकानांत सर्रास चुकीचा वापरला जातो. अशा वाइनवर ‘ॲम्फोरा’ असे छापतात. रोमन काळातला ॲम्फोरा हा वाहतुकीचा घडा होता. दोन कान, अरुंद तोंड, निमुळता बूड आणि जहाजात रचून ठेवण्याची सोय. वाइन आंबवण्यासाठी आणि साठवण्यासाठी जे जाड, मोठे भांडे जमिनीत पुरत त्याला ‘डोलियम’ म्हणत आणि स्पेनचा तिनाहा त्याच्या वंशातला आहे. रेकेनाजवळच लास पिलियास येथे खडकात कोरलेली द्राक्षे तुडवण्याची कुंडे सापडली आहेत. ती इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे रोमन तेथे पोहोचण्यापूर्वीची इबेरियन लोकांची आहेत. तुमची बोबाल ज्या मातीत वाढली तेथे वाइनचा धंदा अडीच हजार वर्षांचा आहे.

आपल्या भूमीशीही याचा खरा संबंध आहे. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वर्णनात भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे आणि तीत इटलीची वाइन अधिक पसंत केली जाते असा उल्लेख आहे. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात ॲम्फोराचे तुकडे मिळाले आणि घारापुरीलाही अशी खापरे सापडली आहेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पश्चिम किनाऱ्यावरील ज्या खापरांना पूर्वी सरसकट रोमन म्हटले गेले, त्यांतील बरीच पुढे इराणी आखाताकडून आलेल्या ‘टॉर्पेडो’ आकाराच्या घड्यांची निघाली. ती ओळख पटण्यात त्यांच्या आतल्या काळ्या अस्तराची मोठी मदत झाली. ते अस्तर नैसर्गिक डांबराचे होते. कुंभारवेस यांनी अस्तराचा प्रश्न विचारला तेव्हा मला हीच खापरे आठवली. वाइनचे भांडे आतून बंद करण्याची गरज दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारालाही पडली होती. कोणी राळ वापरली, कोणी डांबर, कोणी मेण.

माडवन (मडगाव)

स्पेनच्या शेजारी पोर्तुगालमध्ये ही परंपरा सलग टिकली, म्हणून लिहितो. मी चार वर्षे लिस्बनमध्ये होतो आणि आलेंतेझु प्रांतात दोनदा ‘ताल्या’ उघडण्याच्या दिवशी हजर होतो. तेथे रांजणाला ‘ताल्या’ म्हणतात आणि आतून राळ लावतात. द्राक्षे तुडवून साली-बियांसह आत घालतात, दिवसातून दोनदा लाकडी दांड्याने वर आलेला सालींचा थर खाली ढकलतात. आंबणे संपले की साली आपोआप तळाला बसतात आणि मग कोणीही काही करायचे नाही. ११ नोव्हेंबरला, म्हणजे सेंट मार्टिनच्या दिवशी, खालच्या बाजूच्या भोकाला लाकडी तोटी ठोकतात. वाइन तळाच्या सालींच्या थरातूनच गाळून बाहेर येते, वेगळे गाळणे लागत नाही. पहिला पेला गढूळ येतो, तो पुन्हा वरून आत ओततात आणि थोड्या वेळाने स्वच्छ धार सुरू होते. ते पाहताना दोन्ही वर्षी सगळे लोक एकदम शांत झाले होते. २०१० पासून या वाइनला तेथे स्वतंत्र प्रमाणित दर्जा आहे.

वेलांटी यांच्या वाइनपेक्षा ही वाइन अधिक तुरट आणि अधिक ताजी असते, कारण ती दोन-तीन महिन्यांची असते आणि त्या हिवाळ्यात संपवायची असते. स्पेनमध्येही एस्त्रेमादुरा प्रांतात घरोघरी अशी वाइन करतात आणि तिला लहान रांजणाच्याच नावाने ‘पितार्रा’ म्हणतात. माझ्या मते गावरान हा शब्द तिलाच सर्वांत जास्त शोभतो.

आमच्या गोव्यात काजूचा रस पूर्वी जमिनीत अर्धवट पुरलेल्या मातीच्या ‘कोडें’मध्ये आंबवीत असत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पिंप आले आहे. वडील म्हणायचे की मातीच्या भांड्यात रस तापत नाही, सावकाश आंबतो. पुढे तो फेणीसाठी भट्टीवर चढणार असल्यामुळे भांड्याचा फरक किती उरत असेल, ही गोष्ट वेगळी. पण मोठ्या भांड्यात आंबताना उष्णता वाढते आणि पुरलेल्या मातीत ती जमिनीत जिरते, हे तत्त्व आलेंतेझुलाही तेच आणि गोव्यातल्या पेडण्यालाही तेच.

कोरडवाहू (दिंडोरी)

माडवन भाऊ, उष्णतेचा मुद्दा आमच्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. आमची तोडणी संपता संपता मार्चचे ऊन सुरू झालेले असते. रांजण उभा ठेवला तर त्याचा उपयोग होणार नाही, पुरावाच लागेल. कुंभारवेस काका, आपल्या मातीतून दोनशे लिटरचे, कडक भाजलेले आणि न पाझरणारे भांडे होईल का? यंदा एका ओळीतले तेंप्रानियो वेगळे आंबवून पाहण्याची माझी तयारी आहे.

कुंभारवेस (पुणे)

होईल, पण पहिल्याच खेपेला दोनशे लिटर नको. आधी वीस-वीस लिटरची तीन भांडी वेगवेगळ्या आचेवर भाजतो. ती पाण्याने भरून महिनाभर ठेवू, आठवड्याला वजन करू आणि किती पाझरते ते पाहू. त्यावरून आच ठरवू. तुमच्या शेताजवळची माती पाठवू नका, माझ्याकडची मिश्र माती मला ओळखीची आहे. पावसाळा संपल्यावर भट्टी लावतो, तुमच्या तोडणीपर्यंत पुरेसा वेळ मिळेल.

वेलांटी (वालेंसिया)

हे वाचून फार आनंद झाला. विय्यारोब्लेदोच्या एका कुंभाराचे रांजण इटलीतल्या त्रेंतिनोपर्यंत गेले आहेत आणि तेथील फोरादोरी या उत्पादकांच्या वाइन त्यांत मुरतात. सिसिलीतल्या ‘कोस’ या उत्पादकांनीही स्पॅनिश रांजण आणून वापरले. ते सर्व जण आधी लहान प्रमाणात करून पाहूनच पुढे गेले असणार. दोन्ही काम करणाऱ्यांनी वजनाचे आकडे येथे जरूर लिहावेत.

ज्यांना बाटलीतून ही शैली चाखायची आहे त्यांच्यासाठी एक नाव देते. वालेंसिया प्रांताच्या दक्षिणेला मोइशेंत येथे ‘सेल्येर देल रौरे’ हे उत्पादक आहेत. त्यांच्या जागेत सतराव्या शतकातले भुयारी तळघर असून त्यात शंभराच्या आसपास रांजण जमिनीत पुरलेले आहेत. मान्दो नावाचे जवळजवळ नाहीसे झालेले स्थानिक द्राक्ष त्यांनी पुन्हा लावले आणि त्याची वाइन त्या रांजणांत मुरवतात. ती बोबालपेक्षा रंगाने फिकी आणि अंगाने हलकी असते, त्यामुळे ज्यांना माझ्या बाटलीचा खरखरीतपणा जड जाईल त्यांनी तेथून सुरुवात करावी.

जेवणाबद्दल दोघांनी निरोपातून विचारले आहे. येथे या वाइनबरोबर ‘गास्पाचो मांचेगो’ खातात. नावावरून थंड सूप वाटेल, पण तो सशाच्या मांसाचा गरम रस्सा असतो आणि त्यात पातळ, कडक पोळीचे तुकडे शिजवलेले असतात. चरबी आणि मांस असले की तुरटपणा जागेवर येतो. माझ्या स्वयंपाकघरात तिखट घालून केलेल्या मटणाबरोबर ती चांगली लागली नाही, कारण तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवतात. काळ्या मिरीतले, खोबरे भाजून केलेले सुके मटण मात्र उत्तम जमले.

रांजणातल्या बाटलीचा तळाचा पेला आज चौथ्या दिवशी घेतला. बूच लावून शीतकपाटात ठेवली होती. पोलादाची वाइन तिसऱ्या दिवशीच मंदावली होती. ही आजही उभी आहे, करवंद थोडे सुकल्यासारखे लागते, पण झणका नाही. रांजणात आठ महिने थोडी थोडी हवा खाल्लेल्या वाइनला बाटलीतली हवा तितकी नवी नसावी. पेल्याच्या तळाशी जांभळ्या गाळाचा पातळ थर राहिला आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, तेव्हा रांजणाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून वेगवेगळे पेले काढून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.